‘विदर्भात धातू धातूला खात नाही’ : एका संदेशाचा मुद्देसूद प्रतिवाद

अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतल्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या, ठेकेदारांच्या आणि आता ग्रामपंचायत सदस्यांच्याही मोबाईलवर गेल्या काही महिन्यांपासून एक संदेश फिरतो आहे. अभ्यासिका, मंगल कार्यालये, जिनिंगमधल्या ब्लोअरच्या खोल्या आणि जनरेटरच्या पेट्या यांच्यासाठी आवाज शोषणारी पटले कशी बनवावीत, याचा तो सल्ला आहे. पटल म्हणजे समोर छिद्रे पाडलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, त्याच्या पाठीवर चिकटवलेली स्टेनलेसची बारीक जाळी, तिच्यामागे रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, आणि भोवती जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची चौकट. हे सगळे एकत्र आणताना वेगवेगळ्या धातूंची काळजी करण्याचे कारण नाही, असे संदेश ठामपणे सांगतो आणि त्यासाठी पाच आधार देतो : आपली हवा कोरडी आहे, गंज हा कोकणातला रोग आहे; मध्ये गोंद असल्यामुळे धातू एकमेकांना लागतच नाहीत; स्टेनलेस गंजत नाही, म्हणून ते कुठेही चालते; ॲल्युमिनियमवर रंग मारला की काम संपले; आणि एवढे करूनही शंका राहिली तर अर्थिंगची तार जोडावी, म्हणजे करंट जमिनीत जातो.

या पाचांपैकी एका विधानात निम्मे सत्य आहे, एकात शब्द खरे पण निष्कर्ष खोटा आहे आणि उरलेली तिन्ही चूक आहेत. मी दर्यापूर तालुक्यात हेच काम करतो आणि यातल्या पहिल्या दोन समजुतींवर विसंबून मी स्वतः एका गावच्या अभ्यासिकेत पटले बसवली होती. तिसऱ्या वर्षी एका भिंतीवरच्या पटलांच्या छिद्रांतून पांढरी भुकटी गळू लागली, पत्रा फुगला आणि दोन पटले खालच्या कडेने उकलली. खाली मुले अभ्यासाला बसतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कोरड्या हवेचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना विजेच्या दृष्टीने जोडलेले असले आणि दोघांवर मिळून ओलाव्याचा एकच सलग थर पसरला, की लहानशी बॅटरी तयार होते. त्यातला अधिक क्रियाशील धातू विरघळत जातो आणि दुसरा शाबूत राहतो. या क्रियेला समुद्र लागत नाही, डोळ्यांना दिसणारे पाणीही लागत नाही. वातावरणातील गंज मोजणारे तज्ज्ञ हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असलेला प्रत्येक तास ओला धरतात, आणि पावसाळ्यातल्या सकाळी आपल्याकडे आर्द्रता त्या रेषेपलीकडे जाणे नित्याचे आहे. त्यातच पत्र्यावर क्षार बसलेले असतील तर इतकी आर्द्रताही लागत नाही, कारण साधे मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास हवेतला ओलावा ओढून स्वतःच पाणावते आणि मॅग्नेशियम क्लोराईड तर ३३ टक्क्यांनाच.

हे क्षार आपल्याकडे कुठून येणार, असा प्रश्न विदर्भाबाहेरच्या माणसाने विचारला तर समजू शकतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याने तो विचारू नये. ज्या बोअरचे पाणी आपण प्यायला घेत नाही, तेच पाणी उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत ओततो. टाकीतले पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो, संध्याकाळी पुन्हा बादली ओतली जाते आणि जूनपर्यंत टाकीतले पाणी मूळ बोअरपेक्षा कितीतरी खारट झालेले असते. त्याचे बारीक तुषार पंखा खोलीभर फेकतो. कूलरच्या गवतावर आणि जाळीवर साचणारी पांढरी खपली प्रत्येकाने पाहिलेली आहे. माझ्या अभ्यासिकेत जी भिंत कूलरसमोर होती तिचीच पटले सडली आणि कूलरच्या पाठीमागच्या भिंतीवरची, त्याच दिवशी त्याच मालातून बनवलेली पटले आजही स्वच्छ आहेत. बाहेर ४५ अंश तापमान आणि कोरडीठण्ण हवा असताना त्या एका भिंतीपुरते आम्ही कोकण तयार केले होते, आणि कोकणातल्या भिंतीला निदान पावसाची धुलाई मिळते. खतांची गोदामे, जनावरांच्या गोठ्यांना लागून असलेल्या खोल्या आणि रुईची धूळ बसणाऱ्या जिनिंगच्या भिंती यांचीही गत अशीच आहे, कारण धूळ ओलावा धरून ठेवते.

शिवाय ध्वनिशोषक पटल हे साध्या पत्र्यासारखे लवकर सुकत नाही. त्याची उपयुक्तताच छिद्रे, जाळी आणि तंतू यांवर अवलंबून असते. ध्वनीची लहर ज्या बारीक वाटांनी आत शिरून घर्षणाने विरते, त्याच वाटांनी दमट हवाही आत जाते, पण वारा आत पोचत नसल्यामुळे ती सहज बाहेर येत नाही. पत्रा आणि जाळी यांच्यामधल्या फटी केसाएवढ्या असल्यामुळे तिथे पाणी आपोआप ओढले जाते. बाहेरून कोरडे वाटणारे पटल आतून दिवसभर ओले राहू शकते.

दुसरे विधान गोंदाचे. त्यात निम्मे सत्य आहे आणि ते आधी मान्य केले पाहिजे : धातूंमधला विजेचा संपर्क पूर्णपणे तोडला तर ही बॅटरी चालणारच नाही, आणि आपण वापरतो तो इपॉक्सी गोंद उत्तम विद्युतरोधक आहे. विमानांच्या इंजिनांभोवतीच्या आवरणात छिद्रित ॲल्युमिनियमवर स्टेनलेसची बारीक विणीची जाळी चिकटवून आवाज शोषणारे अस्तर केले जाते, ते याच तत्त्वावर टिकते. परंतु तिथे गोंदाचा थर किती जाड राहील हे योगायोगावर सोडलेले नसते. आपल्या कारखान्यात पत्र्यावर इपॉक्सी फासून, जाळी ठेवून, वर वजन दिले की दाबाखाली गोंद बाजूला सरकतो आणि विणीतल्या तारांचे उंचवटे थेट पत्र्याला टेकतात. पंचाने पाडलेल्या छिद्राच्या मागच्या बाजूला कुसळासारखी कड राहते, ती दाबात गोंद भेदून जाते. जाळीच्या कापलेल्या कडेला सुटे तारेचे टोक वाकलेले असते. चौरस मीटरभर पटलात असा एक स्पर्श झाला तरी सगळी जाळी आणि सगळा पत्रा विजेच्या दृष्टीने एक होतात, आणि उरलेल्या नऊशे नव्याण्णव ठिकाणच्या उत्तम गोंदाचा काही उपयोग राहत नाही. आणि एवढे सांभाळले तरी शेवटी चौकटीत बसवताना आपण जाळी आणि पत्रा या दोघांतून एकच स्क्रू आरपार नेतो!

मधला रोधक थर कायम टिकेल, या विश्वासाचा सर्वांत मोठा धडा न्यूयॉर्कच्या बंदरात उभा आहे. १८८६ साली उभारलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात तांब्याचा पत्रा आणि आतल्या लोखंडी पट्ट्या यांच्यामध्ये शेलॅकमध्ये, म्हणजे लाखेच्या रोगणात, भिजवलेले ॲस्बेस्टॉस घातले होते. ते बनवणाऱ्यांना धोका ठाऊक होता, म्हणूनच तर ते घातले. कालांतराने तो थर झिजला, त्यात ओलावा मुरला, गंजून फुगलेल्या लोखंडाने रिव्हेट उपटले, आणि १९८६ साली पुरी झालेल्या दुरुस्तीत त्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेसच्या बसवाव्या लागल्या आणि मध्ये टेफ्लॉनचा थर द्यावा लागला. गोंदाचा जोडही पाण्याने हरतो, मग धातू एकच का असेना : १९८८ साली हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचे छत उडाले, तेव्हा ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे चिकटवलेले जोड ओलाव्याने सुटून गंजलेले आणि तिथे भेगा पडलेल्या आढळल्या होत्या. आपल्या पटलात ही दोन्ही संकटे एकत्र येतात. ॲल्युमिनियमच्या गंजाची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, ती गोंदाखाली तयार होऊन त्याला उचलते, उचललेल्या जागेत आणखी पाणी शिरते आणि क्रम पुढे चालू राहतो.

म्हणून गोंदात काचेच्या तंतूंचे पातळ विरळ कापड घालावे. दाब कितीही दिला तरी त्या कापडाची जाडी दोन धातूंमध्ये उरते. कापड छिद्रांवर येऊन वाट बुजवणार नाही इतके विरळ निवडावे, आणि गोंद छिद्रांत उतरणार नाही इतकाच लावावा. पत्र्याच्या मागच्या कडा घासून सपाट कराव्यात, जाळी पत्र्याच्या कडेपासून पाच मिलिमीटर आत कापावी आणि उघड्या कडा सिलिकॉनने बंद कराव्यात. चौकटीत बसवताना प्रत्येक स्क्रूभोवती नायलॉनची नळी आणि डोक्याखाली नायलॉनचा वॉशर घालावा, म्हणजे स्क्रू दोन धातूंना जोडणार नाही. सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे घेऊ नये, कारण ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि ते धातूला लागते; डब्यावर न्यूट्रल क्युअर असे लिहिलेले असते ते घ्यावे.

स्टेनलेस गंजत नाही, हे वाक्य व्यवहारापुरते खरे आहे. पण प्रश्न स्टेनलेसचा नाही, त्याच्या शेजाऱ्याचा आहे. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस यांच्यातला फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त भरतो, आणि कडक वातावरणात हा फरक ०.१५ व्होल्टच्या आत असावा, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. शेतातल्या मोटरपंपाच्या स्टार्टरमध्ये ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या टर्मिनलला थेट कसली की काही काळाने तिथे पांढरी भुकटी दिसते आणि जोड तापू लागतो. तिथे तांबे शाबूतच असते.

इथे क्षेत्रफळाचा हिशेबही येतो. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात चार स्टेनलेसचे स्क्रू असतील तर नुकसान विखुरते आणि सावकाश होते. उलट स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारले तर सगळा भार त्या इवल्या रिव्हेटवर येतो. बारीक विणीची जाळी या हिशेबात फार फसवी असते, कारण तिच्या तारांचा पृष्ठभाग एकत्र मोजला तर तो तिने झाकलेल्या जागेपेक्षा अधिक भरतो. प्रवाह अगदी किरकोळ असतो, असे म्हणणाऱ्यांसाठी साधा हिशेब देतो : एक मिलिअँपिअर प्रवाह वर्षभर अखंड वाहिला तर सुमारे २.९ ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळते, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातले जवळपास २२ चौरस सेंटिमीटर. जीआयची चौकट मात्र उगाच बदनाम करू नये. तिच्यावरचे जस्त ॲल्युमिनियमपेक्षाही क्रियाशील असल्यामुळे आधी ते झिजते, आणि जोवर जस्त शिल्लक आहे तोवर ही जोडी बऱ्यापैकी नांदते.

रंगाचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो सावध माणसालाच फसवतो. फक्त ॲल्युमिनियमवर रंग मारला आणि त्यात सुईच्या टोकाएवढी एक जागा उघडी राहिली, तर समोरच्या अख्ख्या जाळीचा जोर त्या एका बिंदूवर एकवटतो आणि पत्र्याला आरपार भोक पडते. छिद्रित पत्र्यात तर प्रत्येक छिद्राच्या धारदार कडेवर रंग पातळ बसतो, म्हणजे अशा जागा हजारोंनी असतात. एकाच धातूला लेप देता येणार असेल तर तो शाबूत राहणाऱ्या धातूला, म्हणजे इथे स्टेनलेसला द्यावा. दोघांना दिला तर उत्तमच. त्यातही ध्वनीचे नुकसान होऊ नये हे पाहावे लागते. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या छिद्रात सत्तर मायक्रॉनचे पावडर कोटिंग चढले तर व्यास ०.३६ मिलिमीटर उरतो आणि छिद्राचे तोंड जवळजवळ निम्मे होते. ज्या आवाजासाठी पटल आखले होते तो मग नीट शोषला जात नाही. त्यापेक्षा छिद्रे पाडून झाल्यावर पत्र्याचे ॲनोडायझिंग करून घ्यावे, म्हणजे विजेच्या साहाय्याने त्याच्यावर ऑक्साईडचा कठीण थर चढवून घ्यावा. तो थर पंधरा ते पंचवीस मायक्रॉनचा असतो, त्यातलाही काही भाग मूळ पत्र्यातच खोल तयार होतो, तो विद्युतरोधक असतो आणि नीट केला तर गोंदही त्याला चांगला धरतो. आधी ॲनोडायझिंग आणि मग छिद्रे, असा उलटा क्रम केल्यास प्रत्येक छिद्राची कड उघडी राहते. आणखी एक गोष्ट चुन्याच्या किंवा ओल्या सिमेंटच्या भिंतीबाबत : ॲल्युमिनियमचा रक्षक थर अल्कलीत विरघळतो, म्हणून पटल भिंतीला थेट टेकवू नये.

अर्थिंगचे विधान लवकर संपते. हा प्रवाह बाहेरून आलेला नसतो. तो दोन धातूंमध्येच जन्मतो आणि ओलाव्याच्या थरातून तिथल्या तिथे फेरी पूर्ण करतो, त्यामुळे तो जमिनीत निघून जाण्याचा प्रश्नच नाही. उलट जाळी आणि पत्रा दोघांना एकाच तारेने जोडले तर आपण कष्टाने तोडलेला संपर्क पुन्हा जोडतो, आणि तार तांब्याची असेल तर तिसरा धातू आणून बसवतो. ज्या पटलावर दिवा किंवा वायरिंग आहे त्याला जीविताच्या सुरक्षेसाठी अर्थिंग द्यावेच, मात्र ते कथिलाचा मुलामा असलेल्या किंवा बायमेटल (दोन धातूंच्या) लगने, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायच्या जोडतुकड्याने, एकाच जागी द्यावे आणि तो जोड झाकावा.

काम बरोबर झाले की नाही हे कळायला मल्टिमीटर पुरतो. गोंद पूर्ण वाळल्यावर, चौकटीत बसवण्यापूर्वी, मीटर जोड सापडला की वाजतो त्या खुणेवर ठेवून एक टोक जाळीला आणि दुसरे पत्र्याच्या एखाद्या लपणाऱ्या कडेला, तिथले ॲनोडायझिंग खरवडून, लावावे. न खरवडता लावले तर तो थरच रोधक असल्यामुळे पटल चांगले असल्याचा खोटा भास होतो. खरवडलेली जागा सगळी मापे झाल्यावर लेपाने बंद करावी. मीटर वाजला, म्हणजे दोन्ही धातू कुठेतरी टेकले आहेत, तर बहुतेक वेळा दोष जाळीच्या कापलेल्या कडेला सापडतो. इथे वाजला नाही आणि चौकटीत कसल्यावर तेच माप पुन्हा घेताना वाजला, तर एखाद्या स्क्रूभोवती नायलॉनची नळी किंवा डोक्याखालचा वॉशर घालायचा राहिला आहे. स्क्रू एकेक करून सैल करत गेले की तो सापडतो.