जरा सरकून घ्या

मीटिंगमध्ये माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं. "प्रत्येकाला आपला डॅशबोर्ड हवा तसा मांडता येईल." डॅशबोर्ड म्हणजे कामाची सगळी माहिती एका नजरेत दाखवणारा कॉम्प्युटरचा पडदा. गिऱ्हाईक एक दूध संघ. चेअरमनसाहेबांनी खूश होऊन पेढ्यांची बशी माझ्याकडे सरकवली. त्या पेढ्याचे हप्ते मी अजून फेडतोय.

काम वरवर सोपं. पडद्याचे बारा उभे पट्टे पाडायचे. बाराच का? बाराला दोन, तीन, चार, सहा, कशानेही भाग जातो. डझनात केळी घेणाऱ्या आमच्या आजीला हे वेब डिझाइन न शिकताच ठाऊक होतं. मग प्रत्येक माहितीचा एक डबा : आजचं संकलन, फॅट, एसएनएफ (दुधातलं फॅट आणि पाणी सोडून उरलेले घन घटक), टँकर कुठवर आला. दर डब्याचे चार आकडे जपायचे : आडवी जागा, उभी जागा, रुंदी, उंची. बाकी काय, ओढा आणि सोडा.

घोळ सगळा त्या 'सोडा'त. एक डबा दुसऱ्याच्या जागी सोडला की दुसऱ्याने खाली सरकायचं, त्याने तिसऱ्याला ढकलायचं. लोकलची चौथी सीटच. फरक इतकाच, की लोकलमध्ये चौथा टेकला तरी आधीचे तिघे डब्यातच राहतात. इथे फॅट जरा टेकलं आणि टँकर थेट पडद्याबाहेर.

शिवाय मी घेतलेल्या लायब्ररीला, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडला, रिकामी जागा बघवत नाही. वर फट दिसली की खालचा डबा आपोआप वर चढतो. सेक्रेटरींचा फोन आला.

"अहो, दरफरकाचा डबा मी मुद्दाम खाली ठेवलाय. सारखा वर येतोय तो."

"सर, वर जागा रिकामी आहे ना, म्हणून."

"जागा रिकामी दिसली की लगेच वर? आम्ही वीस वर्षं खाली बसलोय!"

यावर कोड कुठे लिहायचा?

एका संचालकांनी महिन्याच्या संकलनाचा आलेख दाबून दाबून एका पट्ट्यात बसवला. तीस दिवसांचं दूध उदबत्तीसारखं दिसायला लागलं. मग प्रत्येक डब्याला किमान रुंदी घालून दिली.

सगळ्यात महागात पडलं ते मांडणी ब्राउझरच्याच पोटात साठवणं. रात्री साडेदहाला फोन. "साहेब, आमचं दूध गेलं!" दहा हजार लिटर नासलं की काय, म्हणून मी ताडकन उठून बसलो. झालं होतं एवढंच, की भाच्याने मोबाइल हळू चालतो म्हणून ब्राउझरचा सगळा डेटा पुसला होता. त्याच रात्री मी मांडण्या सर्व्हरवर हलवायला घेतल्या.

घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून घोडागाडीला पुढे लावायचे ती फळी म्हणजे मूळचा डॅशबोर्ड. हे वाचल्यापासून माझं कंपनीतलं पद नक्की काय, ते मला उमगलंय.

तीन महिन्यांनी संघात गेलो. चेअरमनसाहेबांच्या पडद्यावर बाराही पट्टे व्यापून एकच डबा. आजचं संकलन, आकडा विटेएवढा. बाकी सगळे डबे त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकले होते आणि तो एक आकडा ते पेनाने डायरीत उतरवत होते.

"साहेब, टँकरचा डबा दिसत नाही," मी चाचरत विचारलं.

त्यांनी मान वर न करता खिडकीकडे बोट दाखवलं. टँकर दारात उभा होता.