साहेब, दगड लागला, थांबू का?

मेट्रोच्या कामावर जिओटेक इंजिनियर, म्हणजे बोअर मारून पायाखालची जमीन तपासणारा, म्हणून लागलात? अभिनंदन. आता पहिली गोष्ट, आपण नक्की काय करतो हे घरच्यांना समजावण्याच्या भानगडीत पडू नका. मी कित्येक वर्षं प्रयत्न करून झालाय. आईला वाटतं मी मेट्रो चालवतो, मामाला वाटतं मी रस्त्यातले खड्डे मोजतो, आणि सोसायटीतले काका बोअर हा शब्द कानावर पडला की विचारतात, पाणी किती फुटावर लागलं? त्यांच्या बोअरला पाणी लागलं की ते पेढे वाटतात, आमच्या बोअरला लागलं की आम्ही डोक्याला हात लावतो, एवढाच काय तो फरक.

आता कामाचं बोलू. बोअर कुठे मारायचा ते ड्रॉइंगमध्ये दाखवलेलं असतं, तिकडे फार लक्ष देऊ नका. ड्रॉइंगमधला बोअर नेहमी कुणाच्या तरी पार्क केलेल्या गाडीखाली, मंडळाच्या मांडवात नाहीतर बरोब्बर हाय टेन्शन केबलच्या डोक्यावर येतो. त्यात ट्रॅफिकवाल्यांची परवानगी रात्रीचीच. तेव्हा जिथे बोअर मारायचा ट्रायपॉड सुखाने उभा राहतो आणि चहाची टपरी हाकेच्या अंतरावर आहे ती जागा शास्त्रशुद्ध समजावी. पिअर, म्हणजे मेट्रोचा खांब, तिथून अकरा मीटरवर येतोय? येऊ दे की, जमीन एकच आहे हो. शितावरून भाताची परीक्षा करतातच ना. फक्त आपल्याकडच्या पातेल्यात लाव्हाच्या थरावर थर आहेत, दोन थरांच्या मध्ये कुठे लाल बोलची माती, कुठे ब्रेशिया (तुटक्या दगडांचा चिकटलेला गोळा), कुठे टफ (ज्वालामुखीच्या राखेचा दगड), आणि मुंबईत तर सात बेटांच्या मधे घातलेला भराव, त्याच्याखाली मरीन क्ले (समुद्रातली मऊ चिकणमाती), भरावात विटा, कौलं, शिंपले, मिळेल ते. पण आपलं शीत काळ्या बेसॉल्टचं निघालं ना, मग सगळं पातेलंच बेसॉल्टचं. कोअर, म्हणजे बोअरमधून निघणारा दगडाचा दांडका, असतो 54 मिलिमीटर जाडीचा, मनगटाएवढा, आणि त्याच्या भरवशावर डोक्यावरून सहा डब्यांची गाडी जाणार असते, पण हे रात्री झोपताना आठवायचं नाही.

मग येते एसपीटी, जमीन किती घट्ट आहे ते बघायची चाचणी. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून सोडून नळी जमिनीत ठोकायची, पहिल्या 15 सेंटिमीटरचे ठोके सोडून द्यायचे आणि पुढच्या 30 ला किती ठोके लागले ते मोजायचं, ती एन व्हॅल्यू. पद्धत इतकी सोपी आहे की प्रत्यक्ष हातोडा नसला तरी चालतं. पहाटे साडेतीनला टपरीवर बसल्याबसल्यासुद्धा 8, 11, 14, 17 असे गुणी बाळासारखे दर दीड मीटरला वाढत जाणारे आकडे लिहिता येतात. खरी जमीन एवढी शहाणी नसते, ती 9 वरून 4 वर येते, मग एकदम 50 ठोक्यांना पण हलत नाही, मग परत 12, आणि असा बोअरलॉग (बोअरची नोंद) दिसला की वरचे साहेब विचारतात हे काय, परत मारा. म्हणून शहाण्या ड्रिलरचा बोअरलॉग पहिल्या झटक्यात पास होतो. ड्रिलरला नावं ठेवू नका हां. त्याला मीटरवर पैसे मिळतात, आणि काम घेतलेल्या एजन्सीने टेंडरमध्ये एल-वन, म्हणजे सगळ्यात स्वस्त, येण्यासाठी तो मीटरचा रेट कुठे नेऊन ठेवलाय ते बघितलंत तर तो रात्री निदान जागा राहतो याचंच कौतुक वाटेल.

अनडिस्टर्ब्ड सॅम्पल नावाचा एक प्रकार असतो. मऊ क्ले नळीत अलगद घ्यायची, दोन्ही तोंडं मेणाने बंद करायची, जराही धक्का लागू द्यायचा नाही. मग ती नळी टेम्पोत आडवी टाकायची, वर ड्रिलिंगचे रॉड टाकायचे, त्यावर दोन माणसं बसवायची आणि ऐन पावसाळ्यात घोडबंदर रोडने लॅबला न्यायची. सॅम्पल डिस्टर्ब होत नाही, माणसं होतात.

रिपोर्ट लिहायला घेतलात की नवीन फाइल उघडू नका, पाप लागतं. मागच्या कामाची उघडा आणि नाव बदला. एका ठाण्याच्या रिपोर्टात मी स्वतः नागपूरच्या नाग नदीची पूरपातळी वाचलेली आहे, तीन जणांच्या सह्या होत्या खाली, त्यातली एक (आता लपवून काय करू) माझी. शिफारशी अर्ध्या पानात उरका आणि "प्रत्यक्ष जमीन यापेक्षा वेगळी असू शकते" हे वाक्य मात्र चार ठिकाणी, चार प्रकारे, ठळक अक्षरात टाका. वाचणार कुणी नाहीच. स्ट्रक्चरल डिझायनर फोन करून एवढंच विचारतो, "एसबीसी किती धरू?" म्हणजे जमिनीवर किती भार टाकू. त्याला 84 पानांतून एक आकडा पाहिजे. तुम्ही म्हणता अरे फाउंडेशनच्या साइजवर आहे, सेटलमेंट किती चालेल त्यावर आहे, पाण्याची पातळी, तर तो म्हणतो हो हो, पण किती?

आता नीट लक्ष द्या, खरी विद्या इथे आहे. दगड म्हणजे काय? कॉलेजात शिकवतात की कोअरमधले दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडे मोजायचे, त्यांची बेरीज भागिले रनची, म्हणजे एका खेपेला ड्रिल केलेली, लांबी म्हणजे आरक्यूडी, दगड किती अखंड आहे त्याचं माप, वगैरे वगैरे. साइटवर दगडाची व्याख्या बिलावरून ठरते. खोदाईच्या बिलात हार्ड रॉकचा रेट जास्त असतो, म्हणून खोदताना निघालेला मुरूमसुद्धा हार्ड रॉक असतो. आणि पाईल (खांबाखालचा खोल काँक्रीटचा पाया) खाली दगडात अमुक इतकी खोल गेली पाहिजे असं म्हटलं की तोच मुरूम परत हार्ड रॉक असतो, कारण आता लवकर थांबायचंय. म्हणजे बघा, वर पण हार्ड, खाली पण हार्ड, नरम फक्त तुम्ही. मोजमाप पुस्तकात मी असा दगड पाहिलाय की जो हाताने कुस्करला जातो आणि कागदावर ब्लास्टिंगशिवाय फुटत नाही. आणि टफचं तर काय सांगू, कोअर बॉक्समध्ये ठेवला त्या दिवशी एकदम लांब, देखणा, फोटो काढण्यासारखा, आणि आठ दिवसांनी उन्हापावसात तपासणीला साहेब आले तोवर त्याचा चुरा. साहेब म्हणतात हा कोअर कुणी फोडला? कुणी नाही साहेब, हवेने.

घाटात आणि कोकणात याच्या पुढची पायरी आहे. तिथे बोअर दगडावर टेकतो, टणक, सुंदर, रिफ्युजल (म्हणजे ठोकून पुढे जाईना), सगळे खूश. तो दगड डोंगरावरून घरंगळत येऊन मातीत बसलेला धोंडा आहे आणि त्याच्याखाली परत माती आहे, हे कळायला आणखी चार-पाच मीटर ड्रिल करावं लागतं. त्याचे पैसे कोण देणार? मग? थांबा तिथेच.

कोकणाचा विषय निघालाच आहे तर कोकण रेल्वे बघा, 740 किलोमीटरची ती लाइन, नव्वदच्या वर बोगदे, आणि लोकांना वाटतं की सह्याद्रीच्या कातळाने छळलं असेल. कातळ बिचारा सरळ असतो, सुरुंग लावला की फुटतो. छळलं ते गोव्यातल्या पेडण्यासारख्या ठिकाणच्या मऊ, पाण्याने भिजलेल्या मातीने, खोदावं तेवढं परत आत येणारी माती, त्यात माणसं गेली, वर्षं गेली. 1998 ला पूर्ण लाइन सुरू झाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑगस्ट 2020 मध्ये त्याच पेडण्याच्या बोगद्यात भिंतीचा भाग पडून गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या, आणि जुलै 2024 मध्ये परत तिथेच पाणी आणि चिखल येऊन गाड्या अडकल्या. तरी तुम्ही मीटिंगमध्ये पाण्याचा विषय काढू नका. निगेटिव्ह माणूस असा शिक्का बसतो.

पाण्याशी आपलं नातं मुळातच प्रेमाचं आहे. मुंबईच्या मेट्रो 3 ला बोगदे खोदायच्या मशीनना नावं दिली वैतरणा, सूर्या, गोदावरी. पुण्यात मुठा. नद्यांची नावं द्यायची आणि मग बोगद्यात पाणी दिसलं की दचकायचं. कोलकात्याच्या मशीनचं नाव चंडी, आणि 31 ऑगस्ट 2019 ला ती बहूबाजारच्या खाली पाण्याने भरलेल्या वाळूत घुसली, पाण्याबरोबर माती आत आली आणि वरची जुनी घरं तडकली, काही पडली, शेकडो लोकांना रातोरात बाहेर काढावं लागलं. गिरगाव-काळबादेवीच्या खालून आपले बोगदे गेले तेव्हा जुन्या चाळींच्या भिंतींवर मार्कर आणि टिल्टमीटर (भिंत कलली का ते बघणारं यंत्र) का लावले होते, हे विचारणाऱ्या आजोबांना मी कोलकात्याची गोष्ट सांगितली नाही. म्हटलं, असंच असतं आजोबा, रुटीन.

मॉनिटरिंगचा सल्ला मात्र जीव तोडून देतो. खोदकामाच्या भिंतीत इन्क्लिनोमीटर असतो, भिंत किती मिलिमीटर आत झुकली ते सांगतो. एक अलर्ट लेव्हल असते, एक अलार्म लेव्हल. रीडिंग अलार्मच्या वर गेलं तर काम थांबवायचं असं प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं, पण काम थांबवलं तर दिवसाचा खर्च कोण भरणार, म्हणून तुम्ही घाबरू नका, लेव्हलच वाढवा. मॉडेल परत चालवा, माती थोडी बदला, नवीन आकडा काढा, वर "बॅक अ‍ॅनालिसिस" असं भारदस्त नाव द्या. हे माझं संशोधन नाही. सिंगापूरला निकोल हायवेच्या बाजूला मेट्रोचं सुमारे 30 मीटर खोल खोदकाम चालू होतं, मरीन क्लेमध्ये. मुळात कॉम्प्युटरवर त्या क्लेची ताकद जास्त धरली गेली होती, भिंती सरकत होत्या, मर्यादा ओलांडल्या की नवीन हिशेब करून मर्यादा वर न्यायच्या असं चाललं होतं, आणि आधाराच्या स्टीलचे जोड कच्चे. 20 एप्रिल 2004 ला दुपारी सगळं आत बसलं, शेजारचा हायवेसुद्धा. चार माणसं गेली. चौकशी अहवालात हे सगळं आलंय. आमच्याकडे ट्रेनिंगमध्ये ती स्लाइड दरवर्षी दाखवतात, सगळे गंभीरपणे मान हलवतात, मग जेवणाची सुट्टी होते, आणि परत आल्यावर कुणीतरी विचारतं, त्या शाफ्टचा अलार्म 25 चा 30 करून मिळेल का.

कौतुकाची अपेक्षा ठेवू नका. स्टेशनचं छत, रंगीत सीट, उद्घाटनाची फीत, याचे फोटो निघतात, पाईल कॅपचा (पाईलच्या डोक्यावरच्या काँक्रीटचा) सेल्फी कुणी काढत नाही, तिच्यावर माती टाकलेली असते. बदनामीत मात्र वाटा नक्की. 26 मे 2025 ला वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पावसाचं पाणी शिरलं, ते वरून, बांधकाम चालू असलेल्या दारातून, माझा त्या स्टेशनशी काडीचा संबंध नाही, तरी त्या आठवड्यात मामाचे चार फोन आले. "काय रे, तुझ्या मेट्रोत पाणी?" 33.5 किलोमीटरची ती लाइन ऑक्टोबर 2025 मध्ये पार कफ परेडपर्यंत सुरू झाली तेव्हा मामाचा फोन आला नाही.

आणि शेवटचा सल्ला, रात्री फोन सायलेंटवर ठेवायचा. पाईलिंग रात्रीच होतं आणि दोन वाजता फोन येतोच. परवा मी ठेवायचा विसरलो. "साहेब, दगड लागला, थांबू का?" म्हटलं फोटो पाठव. फोटोत काळोख, मोबाइलचा उजेड, एक चिखलाने माखलेला तळवा आणि त्यावर चार खडे. बाजूला कुणाची तरी चप्पल. बराच वेळ झूम करून बघितले, पिवळसर होते, कडा झिजलेल्या, मला काही पटले नाहीत. लिहिलं, अजून अर्धा मीटर जा. तिकडून नुसता अंगठा आला. मग झोप काही लागेना, पावणेतीनला गाडी काढली.