आईची पेन्शन, वहिनीची पेन्शन आणि काकांचे एकोणीसशे रुपये

नोव्हेंबर उजाडला की आमच्या नाशिकच्या घरात एक ठरलेला कार्यक्रम असतो. आई इस्त्रीची साडी नेसते, पिशवीत पासबुक आणि आधार कार्ड टाकते आणि गंगापूर रोडवरच्या बँकेत हयातीचा दाखला द्यायला निघते. आपण जिवंत आहोत हे सरकारला वर्षातून एकदा कळवायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आईला हा दिवस सणासारखा वाटतो. येताना ती जुन्या सहकारी बायकांबरोबर मिसळ खाते आणि बिल कुणाला देऊ देत नाही.

माझी वहिनीही जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, सुरगाण्याकडे. ती 2006 मध्ये शिक्षण सेवक म्हणून लागली. तिची डी. एड.ची एक मैत्रीण 2005 च्या जूनमध्ये लागली होती. दोघींचं शिक्षण एक, वर्ग तेच, पगारातला फरकही किरकोळ. पण महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 ही तारीख मध्ये उभी आहे. तिच्या अलीकडे जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम आणि त्यावर महागाई भत्ता. तिच्या पलीकडे पगारातून दहा टक्के कपात, सरकारचा वाटा आणि बाजार देईल ते. ज्यांच्या पदाची जाहिरात या तारखेआधी निघाली होती त्यांना 2024 मध्ये जुन्या योजनेत यायची मुभा मिळाली. वहिनीची जाहिरात नंतरची, त्यामुळे ती तिथेही हुकली.

तिसरी पेन्शन माझी. मी टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवते. त्याआधी अकरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये होते. (मुलीची शाळा सुटते त्या वेळी घरी असावं एवढंच कारण होतं, कुणी ध्येयवाद चिकटवू नये.) शाळेत रुजू होताना सह्यांच्या गठ्ठ्यात एक कागद होता. या नोकरीत सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी पेन्शन योजनेचे, पैसे कापले जाणार नाहीत आणि आधीच्या नोकरीमुळे मिळणारी तिथली पेन्शन यामुळे कमी होऊ शकते, हे मला समजलं आहे, अशा अर्थाचा. अमेरिकेत 1 जानेवारी 2005 पासून अशा नोकरीत लागणाऱ्या प्रत्येकाला हा कागद द्यावाच लागे. त्याआधी लागलेल्यांना तो मिळालाच असेल असं नाही. म्हणजे 2005 ने इथल्या आणि तिथल्या, दोन्ही मास्तरांच्या वाटेत रेघ मारून ठेवली आहे.

टेक्सासच्या बहुतेक शाळा सोशल सिक्युरिटीत नाहीत. शिक्षकांची वेगळी पेन्शन आहे. नोकरीची जितकी वर्षं, तितके 2.3 टक्के धरायचे आणि सर्वात चांगल्या पाच वर्षांच्या सरासरी पगाराशी गुणायचं. हिशेब सुटसुटीत, पण महागाईप्रमाणे ती आपोआप वाढत नाही. आईला वर्षातून दोनदा महागाई भत्त्याची चर्चा करताना ऐकलं की मला याची फार आठवण येते.

आता त्या कागदातल्या कपातीकडे येते. सोशल सिक्युरिटीचं सूत्र कमी कमावणाऱ्याला झुकतं माप देतं. सरासरी मासिक कमाईच्या पहिल्या टप्प्यावर, 2024 च्या आकड्यांत 1,174 डॉलरवर, 90 टक्के मिळतात. माझ्यासारखीची त्या यंत्रणेत फक्त अकरा वर्षं दिसतात, म्हणून कागदावर मी गरीब ठरते आणि झुकतं माप घेते, वर शाळेची पेन्शन वेगळी. हे रोखायला 1983 मध्ये नियम आला आणि त्या 90 चे 40 पर्यंत खाली आणले गेले. महिन्याला जास्तीत जास्त 587 डॉलरचा फटका. शिक्षक याला चोरी म्हणत. मी गणिताची बाई आहे, मला त्यात चोरी दिसली नाही. हत्यार बोथट होतं, हे मात्र खरं.

दुसरा नियम 1977 चा, आणि तो विधवांवर पडे. माझ्या शाळेतल्या एका निवृत्त बाईंचं सांगते, आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. त्यांची पेन्शन 2,400 डॉलर. नवरा ट्रक चालवायचा, तो गेल्यावर त्याच्या खात्यावरून विधवा म्हणून 1,500 मिळायला हवेत. नियम सांगे, आधी पेन्शनच्या दोन तृतीयांश, म्हणजे 1,600, वजा करा. हाती शून्य. नवऱ्याने आयुष्यभर पैसे भरले होते. त्या म्हणाल्या होत्या, त्याच्या जाण्याची सरकारने एक ओळीची पोच दिली.

5 जानेवारी 2025 रोजी बायडेन यांनी सही केली आणि दोन्ही नियम रद्द झाले, तेही जानेवारी 2024 पासून मागे लागू. आमच्या स्टाफरूममध्ये केक कापला गेला. मीही खाल्ला. पण शेजारच्या घरातली बाई एका किराणा दुकानात काउंटरवर उभी राहून निवृत्त झाली आहे. तिने स्वतः सोशल सिक्युरिटी भरली, तिच्या नवऱ्यानेही भरली. तो गेला तेव्हा तिला दोन्हींपैकी जी रक्कम मोठी तेवढीच राहिली. शिक्षिकेला आता दोन्ही पूर्ण मिळतात, दुकानातल्या बाईला नाहीत. कपात प्रमाणात बसवायचे प्रस्ताव अनेक वर्षं पडून होते. ते बाजूला सारून सगळंच रद्द केलं, कारण प्रमाणासाठी कुणी घोषणा देत नाही. आणि ज्या निधीतून हे पैसे जायचे तो आधीच आटत चालला आहे.

घोषणा म्हटली की मला 2023 चा मार्च आठवतो. 14 तारखेला महाराष्ट्रातले कर्मचारी संपावर गेले, दहावीच्या परीक्षा चालू होत्या, आणि वहिनीने टोपी घातलेला फोटो पाठवला. टोपीवर ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. मी उत्तरात लिहिलं की आम्हाला इथे महागाईची हमी कोण देतंय, मग कर भरणाऱ्यांनी तुम्हाला का द्यावी. त्यावर तिचा फोन आला. रागावली की ती मला ‘वन्सं’ म्हणते.

“वन्सं, तुम्हाला तिकडून बोलायला काय जातंय? आमच्या केंद्रातला एक सर मोटारसायकलवरून पडून गेला. दहा वर्षं त्याचे पैसे कापले. बायको अजून त्याचाच हिशेब मागत फिरतेय. सासूबाईंच्या योजनेत असता तर पुढच्या काही महिन्यांत तिला पेन्शन चालू झाली असती.”

मी गप्प बसले. नव्या योजनेतल्या कर्मचाऱ्याच्या मागे राहिलेल्यांना कुटुंब निवृत्तिवेतन द्यायचा निर्णय राज्याने त्याच मार्च महिन्यात घेतला. रेघ मारल्यानंतर सतरा वर्षांनी! माझ्या मते सगळ्या भांडणातला खरा अन्याय हा होता. कमी पेन्शन घेऊन वहिनी जगेल, तिला रुजू होताना तारीख ठाऊक होती. पण माणूस मेल्यावर त्याच्या बायकोला बाजारभावाने मोजायचं, हे तिकडे सुरगाण्यातही चूक आणि इकडे ट्रकवाल्याच्या बायकोबाबतही चूक.

त्यापलीकडच्या मागणीवर मात्र मी अडते, आणि ते काकांमुळे. काका सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर होते. त्यांना ईपीएस-95 ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाबरोबरच्या कामगार योजनेची, पेन्शन मिळते, महिन्याला एकोणीसशे रुपये. या योजनेतली किमान पेन्शन 2014 पासून हजार रुपयांवर अडकली आहे. काकांच्या मोर्चाचे फोटो मला कुणी पाठवत नाही. निफाडचा द्राक्षवाला आणि लासलगावला कांदा घेऊन ट्रॅक्टरच्या रांगेत उभा असलेला माणूस तर या यादीतच नाहीत, आणि शिक्षकांच्या पेन्शनचा रुपया शेवटी त्यांच्याही करातून येतो.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने युनिफाइड पेन्शन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. पंचवीस वर्षं सेवा झाली तर शेवटच्या वर्षातल्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, त्यावर महागाई, मागे राहिलेल्याला साठ टक्के, आणि दहा वर्षं सेवा असेल तर किमान दहा हजार. कर्मचाऱ्याची कपात चालूच. वहिनीला ही मलमपट्टी वाटते. मला ती बरीचशी न्याय्य वाटते, आणि हे मी तिला सांगितलं आहे. टेक्सासची माझी पेन्शन महागाईपुढे उघडी पडते, वहिनीची नवी पेन्शन पडणार नाही. त्या मानाने ती माझ्या पुढे आहे.

आईचं मत वेगळं. ती म्हणाली, “अगं, निम्मी की पूर्ण ते तुम्ही ठरवा. मी तुझ्या भावाकडे आजवर औषधाला पैसे मागितले नाहीत, एवढंच मला कळतं.” वहिनी तेव्हा शेजारीच मटार सोलत बसली होती. ती काही बोलली नाही.

गेल्या रविवारी तिने तिच्या कपातीच्या पावत्यांचे फोटो पाठवले. नेमके किती जमलेत ते पाहून कोणता पर्याय घ्यायचा ते ठरवायचं होतं. मी एक्सेलमध्ये वर्षवार रकाने केले. सुरुवातीची काही वर्षं कपात सुरूच झाली नव्हती. मधल्या दोन वर्षांची कपात पगारपत्रकात दिसते, पावतीत नाही. मी विचारलं, तर म्हणाली की संबंधित कार्यालयात तीनदा जाऊन आली, साहेब बदलले आहेत. ते दोन रकाने पिवळे करून मी फाइल तिला परत पाठवली.