‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही’ : मिरजेच्या काकूंना उत्तर

काकू, लहान मुलांच्या अ‍ॅलर्जीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रविवारी वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसले. अर्ध्यावर थांबले, कारण तुमची निम्मी तक्रार खरी आहे आणि ती आधी मान्य करायला हवी असं वाटलं.

तुम्ही लिहिलंत की अ‍ॅलर्जी हे आताच्या आयांचं खूळ आहे. तुम्ही चार पोरं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि म्हशीच्या दुधावर वाढवलीत. कुणाच्या अंगावर पित्त उठलं तर आमसुलाचा कोळ लावलात, की तासाभरात बसायचं. आणि आता माझा लेख वाचून तुमच्या सूनबाईंनी दहा महिन्यांच्या नातवाचं दूध, अंडं, शेंगदाणे सगळं बंद केलंय, कारण त्याच्या कोपराच्या वळणात कोरडे चट्टे आहेत.

शेंगदाणे बंद करा असं मी लिहिलं नव्हतं. पण काय काय होऊ शकतं याची लांबलचक यादी दिली आणि ‘जे पचतंय, सोसतंय, ते बंद करू नका’ हे वाक्य कुठेच लिहिलं नाही. ती चूक माझी.

उलट शेंगदाण्याच्या बाबतीत तुमचंच घर बरोबर निघालं. लंडनमध्ये गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 4 ते 11 महिन्यांची 640 बाळं घेतली, सगळी तीव्र एक्झिमा (कोरड्या, खाजऱ्या चट्ट्यांचा त्वचेचा आजार) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली. निम्म्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत अजिबात नाही. 2015 साली निकाल आला. सुरुवातीला त्वचेवरच्या चाचणीत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी न दिसलेल्या मुलांपैकी, ज्यांना शेंगदाणे दिले नाहीत त्यांच्यातल्या 13.7 टक्क्यांना पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी झाली, आणि जी खात होती त्यांच्यात 1.9 टक्के. घाबरून लांब ठेवल्याने धोका वाढला होता. त्यामुळे मऊ भातात किंवा खिमटात बारीक कूट घालणं चांगलंच. अख्खा दाणा मात्र नको, भडंगातलाही नको, तो श्वासनलिकेत अडकतो.

नातवाचे चट्टे बहुधा एक्झिमाचे असतील. त्यात मूळ दोष त्वचेचा असतो, ती कोरडी पडते आणि ओल धरून ठेवत नाही. अंघोळीनंतर लगेच भरपूर मलम लावणं हा पहिला उपाय. जेवण तोडणं हा नव्हे. फक्त एक विनंती. बरेच आठवडे बंद असलेलं दूध, अंडं किंवा शेंगदाणे घरीच एकदम सुरू करू नका. एक्झिमाच्या मुलांत बंद केलेला पदार्थ पुन्हा देताना कधी कधी जोराची रिअ‍ॅक्शन येते. बालरोगतज्ज्ञांना विचारून सुरू करा.

आता जिथे पटत नाही ते. ‘पित्त उठलं’ हा आपला शब्द फार मोठा आहे, त्यात सगळंच मावतं. ताप-सर्दीच्या विषाणूनेही लहान मुलांच्या अंगावर गांध्या येतात आणि चार दिवसांत जातात. त्याला आमसूल लावा, न लावा, सारखंच. पण माझ्या मुलाचं तसं नव्हतं, त्याला दुधाची अ‍ॅलर्जी होती.

त्याचं उष्टावण आम्ही सांगलीला माहेरी केलं. माझ्या भावाने त्याला मांडीवर घेऊन चांदीच्या वाटीतली खीर बोटाने चाटवली, मग दोन चमचे. बायका अजून ओवाळत होत्या तेवढ्यात त्याच्या ओठांभोवती लाल कड उमटली, जिथे जिथे खीर सांडली होती बरोबर तिथेच. मग हनुवटी, मग पोटावर डास चावल्यासारख्या फुगलेल्या गांध्या. पंधरा मिनिटांत भडाभडा ओकला आणि मलूल होऊन खांद्यावर पडला. आजीने आमसूल लावलं. दीड तासात सगळं ओसरलं आणि आम्ही म्हटलं, दृष्ट लागली. तोवर तो फक्त अंगावर पीत होता, म्हणून वरचं दूध आमच्या डोक्यातच आलं नाही. दवाखान्यात सांगितलं तर ‘दात येतायत’ असं उत्तर मिळालं. तीन आठवड्यांनी कुणीतरी पेढ्याचा कण भरवला. या वेळी गांध्यांबरोबर खोकला आला, आणि रडण्याचा आवाज घोगरा झाला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

म्हणून मी घड्याळाबद्दल इतकं लिहिते. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत झालं का, तोच पदार्थ पुन्हा दिल्यावर तसंच झालं का, आणि त्वचेशिवाय आणखी कशाला धक्का लागला का, पोट, श्वास, आवाज, शुद्ध. आमच्याकडे तिन्हींचं उत्तर ‘हो’ होतं आणि आम्ही एकदाही घड्याळ पाहिलं नव्हतं. नुसते गॅस आणि पातळ शी, अंगावर काही नाही, असं असेल तर ते बरेचदा दुधातली साखर न पचण्याचं असतं, विशेषतः जुलाब होऊन गेल्यावर. ते वेगळं. दुधाच्या प्रथिनाची अशीही एक अ‍ॅलर्जी असते जी तासांनी किंवा दिवसांनी दिसते, शीतून रक्त किंवा सतत उलट्या. तिथे वही ठेवून डॉक्टरांना दाखवावी लागते.

शेळीचं दूध द्या असा सल्ला आम्हालाही मिळाला होता. गाय, म्हैस, शेळी यांची प्रथिनं इतकी सारखी असतात की बहुतेक मुलांना तिन्ही बाधतात, आणि उकळूनही अ‍ॅलर्जी टळत नाही. एका लॅबने तर शंभरेक पदार्थांचा रक्ताचा पॅनेल करून गहू आणि हरभरासुद्धा ‘पॉझिटिव्ह’ काढले, जे तो रोज मजेत खात होता. खाऊन काहीच होत नसेल तर नुसता रक्तातला आकडा म्हणजे अ‍ॅलर्जी नाही. त्या कागदावर विश्वास ठेवला असता तर पोर उपाशी राहिलं असतं. इथे तुमचा राग आणि माझा राग एकच आहे.

पण श्वास घरघरू लागला, आवाज बसला, ओठ-जीभ सुजली किंवा मूल गळून गेलं तर आमसूल नको, घरातलं अ‍ॅलर्जीचं सिरपही पुरत नाही. तेव्हा लागतं ते अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, आणि लवकर. 108 ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मूल मलूल असेल तर उभं धरू नका, आडवं ठेवा. धाप लागली असेल तर बसतं ठेवा.

शेवटी तुम्ही विचारलंत, मग काय त्या पोराला जन्मभर दूध नाही? तसं नसतं. दुधाची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांची शाळेच्या वयापर्यंत जाते. माझा मुलगा साडेचार वर्षांचा असताना दवाखान्यातच, सगळी तयारी ठेवून, त्याला आधी थेंबभर, मग अर्धा चमचा, मग एक, असं दुपारपर्यंत दूध दिलं. मी पूर्ण वेळ त्याच्या ओठांकडे बघत होते. काही झालं नाही. आता तो ताक-भात खातो.