रविवारची सकाळ मुलांना परत मिळायला हवी

हे मी माझ्या भाच्याच्या परवानगीने लिहीत आहे. त्याने मजकूर वाचला, दोन वाक्ये खोडायला लावली आणि जिथे मी माझी चूक सौम्य करून लिहिली होती, तिथे ती नीट सांगायला लावली.

मागच्या वर्षी जूनमध्ये तो अकरावीसाठी आणि नीटच्या शिकवणीसाठी गोंदियाहून आमच्याकडे नागपूरला राहायला आला. शिकवणीत दर रविवारी सकाळी चाचणी व्हायची, सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे क्रमांक पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यायचे आणि त्या क्रमांकांवरून दर दोन महिन्यांनी मुलांच्या बॅच बदलायच्या. दिवाळीनंतर त्याला पहिल्या बॅचमधून तिसऱ्या बॅचमध्ये पाठवले. त्यानंतर जे दिसू लागले त्याला आम्ही आळस समजलो. ताटातली पोळी अर्धी राहायची, रात्री तीनपर्यंत खोलीतला दिवा चालू असायचा, हाक मारली की चिडायचा. किशोरवयातले नैराश्य पुष्कळदा रडण्यापेक्षा चिडचिडीतून बाहेर येते, हे एकवीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या मला ठाऊक होते. तरी स्वतःच्या घरात मला ते ओळखता आले नाही. डिसेंबरमध्ये एका रात्री जेवता जेवता तो म्हणाला, "आत्या, मी नसतो तर बाबांचे पैसे तरी वाचले असते." दुसऱ्याच दिवशी आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरांनी औषध सुरू केले, दर आठवड्याला समुपदेशन ठरवले आणि तिसरी गोष्ट सांगितली ती अशी की, सकाळी ऊन आल्यावर अर्धा तास तरी त्याने घराबाहेर पडावे आणि जमेल तिथे झाडांत चालावे. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ जागेवर येते आणि रात्रीची झोप सुधारायला मदत होते, हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटले. बरे वाटल्यावर माणूस हिंडू-फिरू लागतो, असा आपला समज असतो. नैराश्यात मात्र हा क्रम उलटवावा लागतो, कारण मनाला उभारी येण्याची वाट पाहत बसलो तर ती येतच नाही, आणि अगदी लहानशी हालचाल आधी केली तर तिच्या मागून थोडी उभारी येऊ शकते. पहिले आठ-दहा दिवस आम्ही फक्त फाटकापर्यंत जाऊन परत यायचो. जानेवारीतली थंडी होती, तो शालीत डोके खुपसून चालायचा.

मग सेमिनरी हिल्स या शहरातल्याच झाडीच्या टेकडीवर जाऊ लागलो, आणि तिथेच मी चूक केली. रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाचे शास्त्रीय नाव आणि कूळ सांगत सुटले आणि वर म्हणाले, "बघ, हे सगळे तुझ्या अभ्यासक्रमातलेच आहे." त्याचा चेहरा मिटला. पुढचे तीन दिवस तो अंथरुणातून उठला नाही. जी एकच जागा अशी होती जिथे त्याला कोणी गुण विचारत नव्हते, तिथेही मी परीक्षा नेऊन ठेवली होती. माझ्यासारख्या शिक्षकांना आणि सगळ्याच पालकांना हे कळकळीने सांगावेसे वाटते की, मुलाला झाडांत न्यायचे तर तिथे त्याला काही शिकवू नका. त्याने विचारले तर सांगा, नाही विचारले तर मुकाट्याने सोबत चाला.

फेब्रुवारीत एकदा अंबाझरीच्या काठी उथळ पाण्यात एक ढोकरी उभी होती, मातकट रंगाची, मान अंगात ओढून घेतलेली. तो थांबला. "आत्या, ही काय करून राहिली?" मी म्हटले, "वाट पाहून राहिली." आम्ही वीसेक मिनिटे तिथे उभे होतो. ती हलली नाही, आम्हीही हललो नाही. तेवढ्या वेळात पाण्यावरची नजर न काढता त्याने सांगितले की, ऑगस्टपासूनच भौतिकशास्त्रातले त्याला काही समजत नव्हते, विचारले तर सगळे हसतील म्हणून त्याने विचारले नाही, आणि रविवारच्या रात्री त्याच्या पोटात दुखायचे, कारण सोमवारी क्रमांक येणार असायचे. घरात समोरासमोर बसवून आम्ही त्याला दोन महिने विचारत होतो. या वयाच्या मुलाला डोळ्यांत डोळे घालून विचारले की ते उलटतपासणीसारखे वाटते. शेजारी उभे राहून दोघेही तिसऱ्याच गोष्टीकडे पाहत असलो की बोलणे सुटते. पुढे समुपदेशकांनीही हेच सांगितले.

झाडांत चालण्याला संशोधनाचाही आधार आहे, पण त्याची मर्यादा ओळखूनच तो सांगायला हवा. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ३८ निरोगी माणसांपैकी काहींना गवत-झाडांच्या परिसरात आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने ९० मिनिटे चालायला लावले. झाडांत चाललेल्यांचे स्वतःबद्दलचे तेच ते विचार उगाळणे कमी झाले आणि त्याच्याशी संबंधित मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली. गुरे रवंथ करतात तसे हे उगाळणे असते, आणि नैराश्यातल्या मुलाला रात्री तीनपर्यंत जागे ठेवते ते बहुधा हेच. २०१९ मध्ये इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून असे दिसले की, आठवड्याला एकूण किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणारे लोक आपली प्रकृती आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात, मग ती दोन तासांची वेळ एकदम घेतलेली असो वा तुकड्यांनी. हा नुसता संबंध आहे, निसर्गामुळेच प्रकृती सुधारते असे त्यातून सिद्ध झालेले नाही. धडधाकट माणसेच जास्त बाहेर पडत असतील, अशीही शक्यता उरतेच. म्हणून मी कोणालाही औषध बंद करून टेकडीवर जा असे सांगणार नाही. माझ्या भाच्याला औषधाने आधी झोप दिली, झोपेने चालण्याइतके बळ दिले आणि चालण्याने समुपदेशकांसमोर बोलायला शब्द दिले. यातले एक काढून घेतले असते तर उरलेले दोन टिकले असते का, याची मला शंका आहे. ज्यांच्या घरात आज अशी रात्र आहे त्यांनी केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ती विनामूल्य आहे आणि रात्रंदिवस चालू असते.

एका गोष्टीचा मला धाक वाटतो. निसर्गाचे नाव पुढे करून मुलांना 'सुधारण्याची' शिबिरे निघतील. अमेरिकेत अशा रानातल्या उपचार-शिबिरांचा मोठा व्यवसाय वाढला, आणि त्यांत कित्येक मुलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध, काही वेळा मध्यरात्री झोपेतून उठवून, नेण्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर कॅरोलिनातील अशा एका शिबिरात १२ वर्षांचा मुलगा दाखल झाल्यानंतर चोवीस तासांच्या आत मरण पावला. त्या मुलाभोवतीही झाडे होतीच. बळजबरी आली की झाडे असूनही काही उपयोग नाही. मुलाला केव्हाही "आज नको" म्हणता आले पाहिजे, सोबतचे मोठे माणूस त्याच्या विश्वासातले पाहिजे, आणि जागा घरापासून जवळ पाहिजे, म्हणजे परत परत जाता येते.

जवळच्या जागांच्या बाबतीत नागपूर सुदैवी आहे. सेमिनरी हिल्स आहे, अंबाझरीचे जैवविविधता उद्यान आहे, गोरेवाडा आहे, शहराच्या मध्यभागी महाराजबाग आहे. आमच्याकडचा उन्हाळा मोठा कठीण, एप्रिल-मे मध्ये सकाळी आठनंतर बाहेर थांबवत नाही. तेव्हा आम्ही साडेपाचलाच निघायचो आणि बहाव्याच्या पिवळ्या झुंबरांखालून परत यायचो. जूनमध्ये पहिला पाऊस पडून सागाला नवी पालवी आली, तेव्हा मी त्याला एक कोवळे पान हातावर चोळायला दिले. तळवा लालभडक झाला. तो बराच वेळ हाताकडे पाहत राहिला आणि मग दुसरे पान तोडून त्याने माझ्या तळव्यावर चोळले. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून काहीतरी केले होते. अजनीवनातली झाडे वाचवण्यासाठी या शहरातले लोक उभे राहिले तेव्हा मी त्याकडे पर्यावरणाचा प्रश्न म्हणून पाहत होते. आता मला तो मुलांच्या औषधपाण्याइतकाच जवळचा वाटतो.

पण जागा असून मुलांना वेळच नसेल तर काय करायचे? केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत विद्यार्थ्यांना साप्ताहिक सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश देताना १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत पात्र समुपदेशक हवा असे सांगितले, आणि गुणांवरून विद्यार्थ्यांच्या बॅच पाडण्यापासून दूर राहावे, असेही बजावले. इतके सगळे कागदावर असताना आमच्या भाच्याच्या शिकवणीत रविवारी सकाळी साडेसातला चाचणीच सुरू असायची, आणि समुपदेशक म्हणून ज्यांचे नाव फलकावर होते ते प्रवेशाच्या खिडकीवर शुल्क घेत बसायचे.

माझ्या भावाने एकदा मला विचारले होते, "ताई, फिरून का मार्क येतात?" त्याने कर्ज काढून मुलाचे शुल्क भरले होते, त्यामुळे मला त्याचा राग आला नाही. मार्क येतात की नाही हे मी सांगू शकत नाही. भाच्याने ती शिकवणी सोडली आहे, बारावी आमच्याकडूनच करतो आहे, औषध अजून चालू आहे आणि अजूनही काही सकाळी तो येत नाही. त्याच्या जुन्या बॅचमधल्या एका मित्राला त्याच्याबरोबर यायचे आहे, पण त्याची चाचणी रविवारीच असते.

म्हणून मी त्या शिकवणीच्या संचालकांना पत्र लिहिले आहे, की चाचणी रविवार सोडून अन्य दिवशी घ्यावी आणि क्रमांक ग्रुपवर न टाकता मुलाला एकट्याला द्यावेत. तीन आठवडे झाले, उत्तर आलेले नाही. आता तेच पत्र पालकांच्या सह्यांसह शहरातल्या इतर वर्गांनाही द्यायचे ठरवले आहे. आतापर्यंत अकरा पालकांनी सही केली आहे. ज्यांना करायची आहे त्यांनी मला मेसेंजरवर कळवावे, मी घरी येऊन कागद दाखवीन.