व्हेल शार्क माणूस गिळत नाही, प्लीज तो व्हिडिओ पुढे पाठवू नका

जाळ्यात अडकलेल्या भल्यामोठ्या ठिपकेवाल्या माशाचा व्हिडिओ फिरतोय, खाली लिहिलंय "कोकणात नरभक्षक देवमासा, अख्खा माणूस गिळतो". दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पहिलं म्हणजे हा देवमासा नाहीच. देवमासा सस्तन प्राणी, हा व्हेल शार्क, म्हणजे मासाच, कल्ल्यांनी श्वास घेणारा, जगातला सगळ्यात मोठा मासा, 12 मीटरच्या पुढेही वाढतो. आणि खातो काय तर प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), माशांची अंडी, बारीक कोळंबी, छोटे मासे. तोंड उघडून पाणी आत घेतो, ते कल्ल्यांतून बाहेर सोडतो आणि मधे चाळणीसारख्या जाळ्या असतात त्यात खाणं अडकतं, आपण पीठ चाळतो ना साधारण तसंच. दात आहेत, हजारोंनी आहेत, पण इतके बारीक की चावायला काहीच उपयोग नाही, आणि तोंड दीड मीटर रुंद दिसलं तरी घसा एवढा अरुंद आहे की माणूस आत जाणं शक्यच नाही.

मला खरी काळजी याची वाटते की असलं वाचून लोक घाबरतात आणि अडकलेल्या माशाला मारतात. 2001 पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मारणं गुन्हा आहे. जाळं कापून त्याला सोडलं तर मच्छीमाराला जाळ्याची भरपाई मिळते, महाराष्ट्र सरकारची तशी योजनाच आहे, सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ मात्र काढून ठेवा.