बेसवाल्यानं स्वतःचा कॉम्बो घेऊनच जावं

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत ऑर्केस्ट्रा कमी नाहीत. हळदी, संगीत, गॅदरिंग, नवरात्र, हिवाळ्यात मळ्यावरच्या भरीत पार्ट्या, काम भरपूर आहे. गिटारवाला स्वतःचा अँप आणतो, कीबोर्डवाला स्टँडपासून कव्हरपर्यंत सगळं घरून आणतो, ढोलकीवाला तर आपल्या ढोलकीला दुसऱ्याला हात लावू देत नाही. बेसवाला मात्र खांद्याला बेस गिटार अडकवून येतो, साउंडवाल्याच्या मिक्सरला जॅक लावतो आणि रात्रभर अंदाजानं वाजवतो. हे मला पटत नाही. शंभर-दीडशे माणसांच्या कार्यक्रमाला बेसवाल्याकडे स्वतःचा कॉम्बो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच खोक्यात असतो तो, असलाच पाहिजे. लोकांना ऐकवायला साउंडवाल्याचे डबे, म्हणजे मोठे स्पीकर, आहेतच. कॉम्बो हवा तो स्टेजवरच्या आपल्या माणसांसाठी. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की कोणता घ्यायचा, किती वॅटचा, कुठे ठेवायचा, सगळं सोपं होतं.

डबे असतात स्टेजच्या पुढे, तोंड लोकांकडे. खालचा आवाज चहूकडे पसरतो, वरचा सरळ पुढे जातो. डब्यांच्या मागे उभं राहणाऱ्याच्या वाट्याला नुसतं धम्म धम्म येतं, सूर ओळखायला लागणारा भाग लोकांकडे निघून गेलेला असतो. मागे एका हळदीत आमचा ढोलकीवाला दोन गाणी झाल्यावर वळून म्हणाला, "दादा, आवाज येस, पन सूर समजस नही." अगदी बरोबर बोलला. बेसचा सूर कळेना की गायक चाचपडायला लागतो, ढोलकीवाला जोर वाढवतो, कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस भरायला लागतो आणि सगळा चिखल होतो. त्याच मंडळींबरोबर पुढच्या कार्यक्रमाला बारा इंची कॉम्बो माझ्या मागे खुर्चीवर ठेवला, आवाज बोलण्यापेक्षा थोडाच वर. पहिल्याच गाण्यात कीबोर्डवाल्याचा डावा हात थांबला.

आता वॅट. "किती वॅटचा घेऊ?" हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. बेसच्या जाड ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा, सर्वांत बारीक जी तार मोकळी वाजवली तरी ९८ हर्ट्झ. माणसाचा कान इतक्या खालच्या आवाजाला मुळातच मंद. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून गिटारवाला २०-३० वॅटमध्ये भागवतो तिथे बेसला शंभरपर्यंत किंवा त्याच्या पुढे जावं लागतं. पण नुसता वॅटचा आकडा पाहून पैसे टाकू नका. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे १०० चा सोडून २०० चा घेतला तर फरक पडतो, पण पाकिटाला पडतो तेवढा कानाला पडत नाही.

त्याच्याऐवजी स्पीकर बघा. एका वॅटला एक मीटरवर ९७ डेसिबल देणारा स्पीकर असेल तर १०० वॅटवर तो ९४ डेसिबलवाल्याच्या २०० वॅटइतका आवाज देतो. आणि स्पीकर बनवणाऱ्या केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या हॉफमननं स्पीकरच्या बाबतीत एक नियम घालून दिलाय, तो अजून कुणाला मोडता आलेला नाही: लहान खोका, खोल बेस आणि मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. जो दुकानदार तुम्हाला आठ इंची खोक्यातून खोल आणि दणदणीत बेसचं आश्वासन देतो, त्याला हा नियम सांगा.

पाच तारांच्या बेसवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. खालच्या बी तारेचा सूर ३१ हर्ट्झचा, तो लहान कॉम्बोतून पूर्ण निघतच नाही. पण त्या सुराच्या दुप्पट-तिप्पट हर्ट्झचे वरचे सूर निघतात आणि त्यावरून आपला मेंदू खालचा सूर स्वतः भरून घेतो. स्टेजवर सूर कळायला तेवढं पुरतं. खरा ३१ हर्ट्झ समोरच्या मोठ्या बेसच्या डब्यांवर सोडून द्यावा.

माझा हिशेब असा. घरी रियाजाला १५ ते २५ वॅट पुष्कळ. कीबोर्ड, दोन गायक, हलका कॅजोन (बसून हातानं वाजवायचा लाकडी खोका), एवढंच असेल तर ४०-५० वॅट. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड असा आपला नेहमीचा ताफा असेल तर १०० वॅट आणि बारा इंची स्पीकर. खरा ड्रमसेट असेल, आणि ड्रमवाला हात राखून वाजवणारा नसेल, तर २०० ते ३०० च्या खाली जाऊ नका. फेंडर रंबल १०० चं उदाहरण घ्या: बारा इंची स्पीकर, वजन साधारण १० किलो, मागे डीआय आउट, म्हणजे बेसचा आवाज थेट मिक्सरला द्यायची जोडणी. रंबल ५०० मध्ये दोन दहा इंची स्पीकर, वजन साडेसोळा किलोच्या आसपास, आणि एक गोष्ट बरेच जण वाचत नाहीत, ते ५०० वॅट बाहेरून आणखी एक कॅबिनेट (स्पीकरचा खोका) जोडल्यावरचे. एकटा वाजवला तर ३५०. बाहेरचा स्पीकर जोडता येणाऱ्या बहुतेक सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या) कॉम्बोंचं असंच असतं: आतला स्पीकर आठ ओहमचा (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप), त्याला आठ ओहमचा दुसरा जोडला की चार ओहम होतात आणि तेव्हाच पूर्ण ताकद मिळते. जोडताना स्पीकरचीच वायर वापरा, गिटारची नको, ती तापते. आणि अँपवर किमान ओहमचा जो आकडा छापलाय त्याच्या खाली कधीही जाऊ नका.

वजनाचं मी मुद्दाम लिहितोय. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडे पॅसेंजरनं जाणाऱ्या माणसाला दहा किलो आणि वीस किलो यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. क्लास डी जातीचे हलके अँप आणि हलक्या निओडायमियम चुंबकाचे स्पीकर आले तेव्हापासून ही मोठी सोय झाली आहे. एका हातात गिटार, दुसऱ्या हातात कॉम्बो, एवढ्यात निघता आलं तरच तुम्ही तो प्रत्येक कार्यक्रमाला न्याल.

डीआय आउट नसलेला कॉम्बो कार्यक्रमासाठी घेऊ नका. या मुद्द्यावर मी अजिबात मागे हटणार नाही. एक्सएलआर (मायकला असते ती तीन पिनांची) केबल थेट साउंडवाल्याला द्यायची, प्री-पोस्टचं बटण असेल तर प्रीवर ठेवायचं, म्हणजे तुम्ही स्टेजवर कितीही नॉब फिरवले तरी त्याच्याकडे जाणारा सूर बदलत नाही. ही पद्धत आजची नाही. लिओ फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला, पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी पंधरा इंची स्पीकरचा बासमन अँप आणला. १९६० मध्ये अँपेगचा बी-१५ आला, जेमतेम २५-३० वॅटचा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन लहान जागी तोच बी-१५ वापरायचा आणि स्टुडिओत त्याचा बेस बहुतेक वेळा थेट कन्सोलला, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सरला, जायचा. ज्याचा बेस जगभर आजही घोटला जातो, त्याला लहान जागेसाठी पंचवीस-तीस वॅट पुरत होते.

विजेबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे खरा त्रास तिथेच होतो. आपली वीज ५० हर्ट्झची. ई तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जी हा सूर ४९ हर्ट्झचा. म्हणजे अर्थिंगची घरघर लागली की ती बरोब्बर आपल्या कामाच्या सुराला चिकटून बसते, आणि तिची दुप्पट, १०० हर्ट्झ, ही मोकळ्या जी तारेला खेटून. ती घरघर इक्वलायझरनं काढायला गेलात तर बेसच जातो. आधी डीआयजवळचं ग्राउंड लिफ्टचं बटण (ते फक्त मिक्सरकडे जाणाऱ्या केबलचं ग्राउंड तोडतं) दाबून बघा, निम्म्या वेळा तिथेच काम होतं. नाही झालं तर मिक्सर आणि स्टेज, दोन्हीची लाइन एकाच बोर्डावरून घ्यायला सांगा. पण थ्री-पिनची अर्थची पिन मोडून किंवा टू-पिनचा अडॅप्टर लावून घरघर घालवणारे लोक मी मांडवात पाहतो तेव्हा माझा जीव वर येतो. अशा वेळी अँपमध्ये काही बिघडलं तर करंट गिटारच्या तारांपर्यंत येतो, आणि तुमचे ओठ मायकला लागलेले असतात. घरघर परवडली. कार्यक्रम थांबवा, पण हे करू नका.

जनरेटरवर असाल तर जोडण्याआधी मल्टिमीटरनं व्होल्टेज बघा. साधा मल्टिमीटर कॉम्बोच्या बॅगेत कायमचा ठेवा. गेल्या मोसमात एका मळ्यावर सगळे हॅलोजन लागले की व्होल्टेज १७० च्या घरात उतरत होतं आणि माझा अँप आपोआप बंद व्हायचा. जनरेटरवाल्यानं दिव्यांची लाइन वेगळी केल्यावर पुढे काही झालं नाही. परदेशातून कुणी अँप आणला असेल तर मागच्या पट्टीवर ११५ की २३० हे बघितल्याशिवाय प्लग लावू नका.

जागेचंही तंत्र आहे. मंगल कार्यालयात भिंतीला चिकटवून जमिनीवर ठेवला तर बेस चांगलाच फुगतो, कोपऱ्यात ठेवला तर त्याहून जास्त, आणि सगळं घुमतं. भिंतीपासून दोन-तीन हात पुढे ओढा. उघड्या मैदानात उलट: मागे भिंतच नसते, त्यामुळे घरी गडगडणारा कॉम्बो तिथे पोकळ वाटतो, तेव्हा जमिनीवरच ठेवून थोडा मागे कलवावा. आणि फळ्यांचा पोकळ स्टेज असेल तर खाली ठेवूच नका, फळ्या स्वतः वाजायला लागतात. भक्कम खुर्ची, नाहीतर साउंडवाल्याची रिकामी पेटी घ्या. स्पीकर गुडघ्याकडे रोखलेला असेल तर तुम्ही कितीही वाढवा, ऐकू येणार नाही. तो कानाकडे हवा.

इक्वलायझर सुरुवातीला सगळा मधोमध. बेस आणि ट्रेबल वर, मिड खाली, हे घरी एकट्यानं वाजवताना फार गोड लागतं. ढोलकी सुरू झाली की त्यातलं काहीच शिल्लक राहत नाही. सूर ओळखू येतो तो २५० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात, तो थोडा वर करा. ४० च्या खालचं कापायचं फिल्टर असेल तर लावून टाका. चार तारांच्या बेसचा सूर तिथे नसतो, पाच तारांचा लहान कॉम्बोतून तसाही निघत नाही, फक्त स्पीकरचा कागद विनाकारण हलतो आणि ताकद वाया जाते.

मे महिन्याच्या लग्नांबद्दल एवढंच, जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात असताना क्लास डी अँप उन्हात ठेवला तर तो तापून स्वतःला बंद करतो. मागची बाजू मोकळी ठेवा, गाडीच्या डिकीत दुपारभर सोडू नका.

सेकंड हँड घेत असाल तर स्वतःची गिटार नेऊन वाजवा. मोकळी ई तार हळू आवाजात धरा आणि सावकाश वाढवत न्या. फर्रर्र आलं की स्पीकरची कॉइल घासतेय, नाहीतर कागद सुटलाय. प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा. डीआय आउट मिक्सरला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण जुन्या कॉम्बोत तो बिघडलेला असला तरी विकणाऱ्याला पत्ता नसतो. आपल्याकडच्या दुकानांत बेसचा कॉम्बो सहसा मांडून ठेवलेला नसतो, मुंबई-पुण्याहून नाहीतर इंदूरहून मागवावा लागतो, आणि न ऐकता मागवणं जिवावर येतं हे मला माहीत आहे. म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये ज्यांच्याकडे आहे त्यांनी खाली मॉडेल आणि गाव लिहा. ज्यांना घ्यायचाय त्यांनी त्यांच्या कार्यक्रमाला जाऊन, साउंड चेकच्या वेळी, आपली गिटार लावून ऐकावा. माझा बारा इंची कुणालाही ऐकायला मिळेल, मेसेज करा.